हिप्पोकुरा ते कोल्हापुरेन्सिस : लॅटिन स्थलनामांचे प्रामाण्य

स्थलनामाचे लॅटिन रूप आढळले की ते प्राचीनत्वाचे प्रमाणपत्र मानण्याची प्रवृत्ती स्थानिक इतिहासलेखनात दिसते. कोल्हापूरच्या संदर्भात ही प्रवृत्ती तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

इ. स.च्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या ग्रीक भूगोलग्रंथात बलेओकुरोस राजाची राजधानी म्हणून ‘हिप्पोकुरा’ची नोंद केली. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी झालेल्या लॅटिन भाषांतरामुळे हे नाव युरोपीय विद्वानांना परिचित झाले. डॉ. रा. गो. भांडारकरांनी बलेओकुरोस म्हणजे कोल्हापूरला सापडलेल्या नाण्यांवरील विळिवायकुर, असे प्रतिपादन केले. त्याच आधारावर काही अभ्यासकांनी हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असे समीकरण मांडले. राजनामाची ओळख सयुक्तिक वाटते; नगराची ओळख मात्र अनुमानच राहते. नाणी जेथे सापडली तेथेच राजधानी होती, असे म्हणता येत नाही. शिवाय टॉलेमीने किनाऱ्यावरही दुसरे हिप्पोकुरा दिले आहे. ब्रह्मपुरीची पॉसिडॉनची कांस्यमूर्ती भूमध्यसागरी जगाशी असलेला संपर्क सिद्ध करते, नगराचे नाव नव्हे.

धार्मिक परंपरेत लॅटिन रूप वेगळे कार्य करते. १९९५ मध्ये शहर अधिकृतपणे ‘मुंबई’ झाले, तरी कॅथलिक महाधर्मप्रांताच्या लॅटिन नावात ‘बॉम्बेयेन्सिस’ कायम आहे. येथे नाव संस्थेचे सातत्य जपते.

वैज्ञानिक नामकरणात कोल्हापूर निःसंदिग्धपणे लॅटिनमध्ये आले आहे. २००९ मध्ये वर्णन झालेली पाल ‘निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस’, तर गेंदवर्गीय वनस्पती ‘एरिओकॉलॉन कोल्हापुरेन्से’ होय. पहिले प्रजातिनाम स्त्रीलिंगी आणि दुसरे नपुंसकलिंगी असल्याने विशेषणाचा प्रत्यय बदलतो. एकच कोल्हापूर लॅटिन व्याकरणात दोन रूपे धारण करते. या नावांमागे जतन केलेला प्रारूप नमुना व त्याच्या संकलनस्थळाची नोंद असते. ध्वनिसाम्यावर येथे काहीच अवलंबून नसते. उद्या स्थलनाम बदलले, तरी केवळ त्या कारणाने वैज्ञानिक नाव बदलता येत नाही.

तात्पर्य, लॅटिन रूपाचे मोल त्याच्या वयावर नव्हे, तर त्यामागील पुराव्यावर ठरते. हिप्पोकुरा नकाशात आहे, पण त्याची भूमी अनिश्चित आहे. कोल्हापुरेन्सिसला अवघी काही वर्षे झाली, पण त्याची भूमी निश्चित आहे. इतिहास व जीवशास्त्र या विभागांनी हा भेद विद्यार्थ्यांपुढे एकत्रितपणे मांडला, तर गावाचा अभिमान आणि प्रमाण यांची गल्लत टळेल.