बोर्डावर आधी कोण उठणार?

पाथर्डीला घरी लाईट गेली-आली की माझा बोर्ड नव्याने बूट होतो. कधी मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर सापडतो, कधी नाही. कोड तोच! तुमचंही असं होत असेल तर दोष क्रमाचा असू शकतो.

लिनक्समध्ये ड्रायव्हरचा क्रम पूर्वी इनिटकॉलच्या पातळ्यांवर ठरायचा, आणि एकाच पातळीत लिंक होण्याच्या क्रमावर, म्हणजे जवळजवळ मेकफाईलवरच. 2012 मध्ये 3.4 आवृत्तीत 'डिफर्ड प्रोब' आलं. रेग्युलेटर तयार नसेल तर सेन्सरचा ड्रायव्हर -517 परत करतो. दुसरा एखादा ड्रायव्हर यशस्वी झाला की पुन्हा प्रयत्न होतो. कल्पना सुटसुटीत, पण मला ती अर्धीच पटते. कुणासाठी थांबायचं हे डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलं असेल तरच थांबणं होतं. माझ्या सेन्सरच्या नोडमध्ये सप्लायची ओळच नव्हती. कर्नलने 'डमी रेग्युलेटर' धरला आणि वीज आहे असं मानून पुढे गेला. खरा रेग्युलेटर कधीकधी त्यानंतर चालू व्हायचा. लॉगमध्ये याची एकच ओळ येते, ती मी आठवडाभर वाचली नाही. तेवढ्या दिवसांच्या नोंदी गेल्या.

नंतर आलेलं एफडब्ल्यू-डेव्हलिंकही तीच ट्री वाचतं. तेव्हा स्कीमॅटिक शेजारी ठेवून प्रत्येक सप्लाय, क्लॉक, रीसेट ट्रीशी ताडून बघा. डिले टाकून भागवू नका. मी दोन सेकंदांचा टाकला होता. घरी चालला, लॅबमधल्या दुसऱ्या बोर्डावर नाही.