डाक, औषध आणि शरद हरकारा

बराकपूरच्या लाटबागानात, हुगळीच्या काठी, लेडी शार्लट कॅनिंगची समाधी आहे. १८५७ च्या मार्चमध्ये याच छावणीत मंगल पांडे याने शस्त्र उचलले, आणि त्यामुळे या गावाचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. व्हाइसरॉयच्या पत्नीची समाधी पाहण्यास मात्र कोणी मराठी माणूस मुद्दाम जात नाही. मीही दुसऱ्याच कामाने गेलो होतो. परंतु रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ या नाटकाविषयी बरीच वर्षे मनात घोळत असलेली एक शंका त्या समाधीपाशी स्पष्ट झाली. म्हणून लेखाचा आरंभ तेथूनच करतो.

१८६१ च्या शरदात लेडी कॅनिंग दार्जिलिंगहून परतत होती. तराईच्या वाटेत तिला हिवतापाने गाठले आणि १८ नोव्हेंबरला कलकत्त्यास तिचे निधन झाले. साम्राज्यात जी काही वाहने, वैद्य आणि सेवक उपलब्ध होते, ते सर्व जिच्या दिमतीस होते, तिचीही या ज्वरापुढे ही अवस्था झाली. पुढच्या काही वर्षांतच दार्जिलिंगच्या डोंगरांवर सिंकोनाची लागवड झाली. १८९२ च्या सुमारास त्या सालीचे क्विनीन बंगालमधील टपाल कचेऱ्यांतून एकेका पैशाच्या पुडीने विकले जाऊ लागले. ज्या वाटेने ताप खाली आला, त्याच वाटेने तीस वर्षांनी औषध आले, आणि ते पत्रांच्या खिडकीतून लोकांच्या हाती पडले.

प्रवास, पत्र आणि औषध यांचे हे साहचर्य योगायोगाचे नाही. ‘डाक’ या शब्दाचा मूळ अर्थच टप्प्याटप्प्याने बदली होणारी वाहतूक असा आहे. आपल्याकडेही ‘घोड्यांची डाक बसविणे’ असा प्रयोग होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डाकेने प्रवास करू इच्छिणारा गोरा माणूस आधी पोस्टमास्तराकडे वर्दी देई नि पैसे भरी. मग प्रत्येक टप्प्यावर पालखीचे भोई, मशालजी आणि सामानाचे कावडवाले त्याची वाट पाहत उभे राहत. याचा अर्थ असा की प्रवासी हाही एक प्रकारचा टपालाचा जिन्नसच होता. पुढे ग्रँड ट्रंक रस्त्यावर घोड्यांच्या डाकगाड्या धावू लागल्या. त्यांत निजण्याची सोय असे आणि दर काही मैलांवर घोडी बदलत. पत्रांखेरीज जड पुडकी नेणाऱ्या टपालास ‘बांगी डाक’ म्हणत. बांगी म्हणजे आपली कावड. इंग्रजांच्या पार्सल-टपालाचा हा पूर्वज गंगेची कावड घेऊन दक्षिणेत येणाऱ्या यात्रेकरूच्या खांद्यावर मराठी वाचकाने केव्हाच पाहिलेला आहे. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाच्या अखेरीस वरसईस पोहोचते ती अशीच कावड. ज्या समाजात गंगोदक हे अंतकाळचे औषध मानले जाई, त्या समाजात तिला औषधाचे पार्सल म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

रस्त्याविषयीचे वाङ्मय मुबलक आहे. एमिली ईडनची पत्रे १८६६ मध्ये ग्रंथरूपाने आली, आणि लेडी कॅनिंगचीही पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. बराकपूरच्या बागेतून निघणारी ही गद्यपरंपरा चित्रमय आहे, खेळकर आहे आणि पुष्कळदा निर्दयही आहे. मात्र ती प्रवाशाच्या जागेवरून लिहिली गेली आहे. त्याच डाकेच्या दुसऱ्या टोकाला घरात पडून राहिलेला आणि काहीतरी येईल म्हणून वाट पाहणारा जो माणूस होता, त्याचे वाङ्मय कोठे आहे?

माझ्या मते त्याचे पहिले वाङ्मय जाहिरातींत आहे. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचा समान टपालदर आला. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू झाली आणि अनोळखी दुकानदारावर विश्वास ठेवण्याची गरज बरीच कमी झाली, कारण पुडके हाती आल्यावर पैसे पोस्टमनला द्यावयाचे होते. १८८४ पासून कलकत्त्याचे डॉ. एस. के. बर्मन यांनी खेड्यापाड्यांतील रोग्यांना टपालाने औषधे पाठविण्याचा उद्योग मांडला. ‘डाक्तर’ आणि ‘बर्मन’ यांची आद्याक्षरे जोडून ‘डाबर’ हे नाव झाले. (त्यातला ‘डा’ डाकेचा नाही, पण असता तरी शोभला असता.) आपल्या जुन्या मासिकांच्या पाठपृष्ठांवरही ‘व्ही. पी.ने मागवा’, ‘लक्षणे सविस्तर लिहून कळवा’ अशा ओळी आढळतात. यांतली दुसरी ओळ मला फार महत्त्वाची वाटते. स्वतःच्या शरीराचे दुखणे क्रमवार, प्रथमपुरुषी आणि न पाहिलेल्या माणसाला समजेल अशा रीतीने लिहावयाचे, ही मागणी सामान्य माणसाकडे आपल्या गद्याने त्यापूर्वी क्वचितच केली असेल. ज्याला लिहिता येत नसे तो शाळामास्तराकडून किंवा पोस्टमास्तराकडून ते पत्र लिहवून घेई. आपण आत्मचरित्राच्या उगमाची चर्चा करतो तेव्हा या पत्रांचा उल्लेखही करीत नाही.

या पार्श्वभूमीवर रवींद्रनाथांकडे वळावे. १८९१ च्या ‘पोस्टमास्टर’ या कथेत कलकत्त्याचा एक तरुण खेड्यातल्या टपाल कचेरीत येतो, आजारी पडतो, आणि रतन ही पोरकी मुलगी वैद्याला बोलावून आणते, वेळच्या वेळी गोळ्या देते, रात्रभर उशाशी बसते. पोस्टाकडे त्याला देण्यासारखे औषध नाही. क्विनीनच्या पुड्या अशा कचेऱ्यांत यावयास अजून वर्षभराचा अवकाश होता. सर्वांच्या निरोपांची व्यवस्था पाहणाऱ्याला स्वतः मात्र माणसाच्या हाताखेरीज आधार नाही, आणि बरा झाल्यावर तो हात सोडून तो निघून जातो. कथेची सारी वेदना या एका गोष्टीत आहे.

१९१२ चे ‘डाकघर’ हे याच्या पुढचे पाऊल होय. अमल आजारी आहे. शरदातले ऊन आणि वारा दोन्ही त्याला विषासमान आहेत असे सांगून कविराज त्याला घरात कोंडून ठेवतो. खिडकीसमोर राजाचे डाकघर उघडते आणि मूल राजाच्या पत्राची वाट पाहू लागते. शेवटी येतो तो राजवैद्य, आणि तो सारी दारे-खिडक्या उघडावयास लावतो. येट्सची प्रस्तावना लाभलेली इंग्रजी आवृत्ती १९१४ मध्ये आली. तेव्हापासून हे नाटक आत्म्याच्या मुक्तीचे रूपक म्हणून वाचले जाते. ते तसे आहेच. १९४२ च्या जुलैत वॉर्सातील ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथ मुलांकडून ते करविले, तेव्हा त्या मुलांना मृत्यूकडे निर्भयपणे पाहता यावे हाच हेतू होता. परंतु केवळ रूपक म्हणून वाचणाऱ्याला अमलची अपेक्षा निव्वळ स्वप्नाळू वाटते, आणि माझा आक्षेप येथे आहे. तापाने पोखरलेल्या बंगालमध्ये डाकघरातून औषध खरोखरच मिळत असे. आजारी मुलाने त्या खिडकीकडे डोळे लावावेत यात काव्य आहे, तसेच वीस वर्षांचा लोकानुभवही आहे. रूपकाला जमीन आहे, म्हणूनच ते पोकळ वाटत नाही.

याचा पुरावा नाटकातच आहे. राजाच्या हरकाऱ्यांची नावे मुले सांगतात: बादल हरकारा, शरत् हरकारा. ज्या शरदाला कविराजाने दाराबाहेर ठेवले आहे, तोच पत्र घेऊन येणारा आहे. शरद ही वैद्यांची माता होय, हे वचन आपल्याकडे थट्टेने सांगितले जाते. रोग्यांचा हंगाम आणि निरोप्याचे नाव एकाच शब्दात आणून रवींद्रनाथांनी त्या थट्टेला जी खोली दिली आहे, ती इंग्रजीत तर हरवलीच. तेथे ती केवळ दोन विशेषनामे उरतात.

मराठीत ती हरवू नये एवढी काळजी मी घ्यावयास हवी होती, आणि ती मी घेतली नाही. तरुणपणी या नाटकाचे एक भाषांतर मी केले होते. शुद्ध मराठीच्या उत्साहात ‘डाक’ सर्वत्र ‘टपाल’ केली, नि हरकाऱ्यांचे ‘टपालवाले’ केले. टपाल हा शब्द चांगला आहे, आपला आहे. परंतु त्यात टप्प्यावर उभा असलेला भोई ऐकू येत नाही. शिवाय बंगालीत ‘डाक’ म्हणजे हाकही. समोरच्या घराच्या नावातच कोणीतरी अमलला हाक मारीत आहे, हे बंगाली प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. ‘टपालघर’ या शब्दाने त्या हाकेचा आवाज मी बंद केला होता. ‘डाकबंगला’ आणि ‘डाकगाडी’ हे शब्द मराठीने विनातक्रार ठेवले असताना ‘डाकघर’ मराठी माणसाला परके वाटेल ही माझी भीती निराधार होती.

बराकपूरहून परतल्यावर ते हस्तलिखित पुन्हा काढले. शीर्षक बदलण्यास क्षणभरही लागला नाही. हरकाऱ्यांच्या ओळीपाशी मात्र दोन दिवस गेले. ‘बादल’ तसाच ठेवला. ‘शरत्’चा ‘शरद’ केला, कारण आपल्याकडे ते मुलाचेही नाव असते. आणि पहिल्या अंकात कविराजाच्या तोंडी पूर्वी ‘या दिवसांतले ऊन’ असे सपकपणे लिहिले होते, ते खोडून ‘शरदाचे ऊन’ असे केले.