वाटाड्याचें पुणें

नाटक, कादंबरी, कीर्तन, व्याख्यान यांवर टीका करण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. परंतु शहर दाखविण्याच्या कलेवर टीका करण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. वास्तविक ती कलाही शब्दांचीच आहे. सुटीच्या दिवशीं सकाळीं शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढें वीस-पंचवीस माणसें जमतात, एखादा तरुण वाटाड्या त्यांच्यापुढें उभा राहतो, आणि पुढील दोन-अडीच तास चालतां चालतां जुन्या पेठांची हकीकत सांगतो. या उपक्रमास ‘हेरिटेज वॉक’ हें इंग्रजी नांव रूढ झालें आहे; आपण त्यास ‘वारसा-फेरी’ म्हणूं. फेरींत शाळकरी मुलें असतात, पेठ सोडून कोथरूडास किंवा त्याहीपलीकडे राहावयास गेलेलीं कुटुंबें असतात, नोकरीनिमित्त परप्रांतांतून आलेले तरुण असतात. यांपैकीं पुष्कळांचें जुन्या पुण्याविषयींचें ज्ञान या दोन तासांत सुरू होतें आणि बहुधा तेथेंच संपतें. शाळेंतील क्रमिक पुस्तक तपासावयास समित्या नेमल्या जातात. हें चालतें-बोलतें पुस्तक मात्र कोणीच तपासून पाहत नाहीं. म्हणून हा प्रपंच.

फेरीचे गुण प्रथम सांगणें न्याय्य होईल. जुनें पुणें पायीं चालणाऱ्यांनीं पायीं चालणाऱ्यांसाठीं वसविलें. त्यामुळें तें पायांनाच कळतें. वाहनांतून जाणाऱ्यास बुधवार पेठ म्हणजे केवळ खोळंबा. चालणाऱ्यास मात्र कसब्याचा गणपति, लाल महाल आणि शनिवारवाडा हीं स्थळें एकमेकांच्या किती निकट आहेत हें उमगतें, आणि शिवरायांचें बालपण व पेशव्यांची राजधानी हे पुस्तकांत अनेक धड्यांनीं दुरावलेले विषय एकाच वस्तीचे दोन काळ होते हें ध्यानांत येतें. चांगला वाटाड्या प्रामाणिकही असतो. सध्यांचा लाल महाल ही महानगरपालिकेनें १९८८ सालीं पुरी केलेली नवी इमारत आहे, मूळचा वाडा केव्हांच नाहींसा झाला, हें तो लपवीत नाहीं. विश्रामबागवाड्याशीं तो सर्वांस रस्त्याच्या पलीकडे उभें करतो आणि मान वर करून दर्शनी बाजूचे कोरीव लांकडी खांब पाहावयास लावतो. त्या वाटेनें रोज जाणारा पुणेकरही त्या दिवशीं प्रथमच वर पाहतो. एवढ्या कामासाठींही फेरीचे आभार मानावयास हवेत.

आमची तक्रार आहे ती कथनाविषयीं. शनिवारवाड्याशीं काय ऐकावयास मिळतें? १० जानेवारी १७३० रोजीं पायाभरणी झाली, १७३२ सालीं वास्तुशांति झाली, खर्च १६,११० रुपये आला, येथपर्यंत सर्व ठीक. तेथून कथेची उडी थेट ३० ऑगस्ट १७७३ वर पडते. नारायणरावाचा खून, आनंदीबाईनें पत्रांत केलेला ‘ध’ चा ‘मा’, पौर्णिमेच्या रात्रीं अजून ऐकूं येणारी ‘काका, मला वाचवा’ ही हांक; आणि मग १८२८ ची आग. पुढें नाना वाड्याशीं नाना फडणिसांचीं कारस्थानें, वाटेंत १७९१ सालीं दगडांनीं ठेचून मारलेल्या घाशीराम कोतवालाची कहाणी, आणि अखेरीस विश्रामबागवाड्यांत दुसऱ्या बाजीरावाचे विलास. खून, कारस्थान आणि विलास या तीन सूत्रांनीं सारें शहर ओवलेलें. ऐकणारास अडीच तासांत येथें कोण मेलें तें पक्कें समजतें. येथें लोक जगले कसे, हें मात्र समजत नाहीं.

कीर्तनाशीं परिचय असलेल्या वाचकांस हा दोष चटकन् कळेल. हरिदास प्रथम पूर्वरंग मांडतो. एखादा अभंग घेऊन त्यांतील तत्त्वाचें निरूपण करतो. मग उत्तररंगांत आख्यान लावतो. आख्यानांत युद्धें असतात, शोक असतो, विनोदही असतो. परंतु श्रोत्याच्या मनांत पूर्वरंगांतील तत्त्व ठसलेलें असल्यामुळें तें सर्व कोठल्या तरी अर्थाशीं जोडलें जातें. आमच्या वारसा-फेरीस पूर्वरंगच नाहीं. ती उभी राहिल्याबरोबर आख्यानास हात घालते. ऐकणाऱ्यांच्या अंगावर शहारे येतात. पण हें शहर येथें कां वाढलें, कोणाच्या श्रमानें वाढलें, हा प्रश्न कोणाच्या मनांत उद्भवत नाहीं.

आख्यान रंगावें म्हणून पुराव्याकडे पाठ फिरविण्याची संवयही याच फेरींत जडते. पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल याच शहरांत आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं याच शहरांत स्थापन झालें. रियासतकार सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवधींत प्रसिद्ध केले. अस्सल कागदावांचून बोलूं नये हा दंडक ज्या गांवानें महाराष्ट्रास घालून दिला, त्याच गांवांत ‘ध’ चा ‘मा’ ही कथा सिद्ध गोष्ट म्हणून मुलांस सांगितली जाते. ती गाळावी असें आमचें म्हणणें नाहीं. ‘लोक असें सांगत आले आहेत’ एवढे शब्द पुढें जोडले तरी पुरे. किंबहुना खरा रस तेथेंच आहे. रामशास्त्र्यांनीं दोष ठेवला तो रघुनाथरावावर. लोककथेनें तो उचलून त्याच्या बायकोच्या लेखणीवर नेऊन ठेवला. असें कां झालें असावें, हा प्रश्न वाटाड्यानें विचारला तर पौर्णिमेच्या हांकेहून तो मुलांच्या मनांत अधिक दिवस घुमत राहील.

आतां पुण्याचा पूर्वरंग कोणता? आमच्या मतें, पाणी. राजधानी झाल्यावर पेठांमागून पेठा वसत गेल्या आणि वाढत्या वस्तीस बारमाही पाण्याची गरज भासूं लागली. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत १७४९ च्या सुमारास कात्रजच्या डोंगरउतारावरील पाणी अडवून तें शहरांत आणण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. तलाव बांधले, तेथून जमिनीखालून दगडी-चुनेगच्ची नळ काढला. तो इतका प्रशस्त कीं आंतून माणसानें चालत जावें. वाटेंत ठिकठिकाणीं हवेसाठीं आणि सफाईसाठीं उच्छ्वास ठेवले. कोठें पंप नाहीं, यंत्र नाहीं. उताराच्या नेमक्या हिशेबावर पाणी आपोआप पेठांतील हौदांत येऊन पडत असे. काळा हौद, नानाचा हौद, सदाशिव पेठ हौद हीं नांवें जुन्या पुणेकराच्या तोंडीं अजून आहेत. हौद बुजले तरी चौकांनीं नांव सोडलेलें नाहीं. शनिवारवाड्यांत हजारी कारंजें उडत होतें तें याच पाण्यावर. मालकाच्या अंगणांत नाचणारें पाणी आणि पेठेंतल्या बाईच्या घागरींत भरलें जाणारें पाणी एकाच नळाचें होतें, हें एक वाक्य शनिवारवाड्याच्या तटाशीं उभें राहून सांगितलें, तर त्या तटाच्या आंतबाहेरचें शहर एका क्षणांत सांधलें जातें. मग कसब्यांतील तांबट आळी केवळ ठोक्यांच्या आवाजाची गंमत राहत नाहीं. हंडे आणि घागरी घडविणारी ती आळी त्याच नळाचें पुढचें टोंक ठरते.

असले नळ आणि हौद ऐकून मुलें कंटाळतील, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या पायांखालून माणूस उभा चालेल एवढें भुयार गेलें होतें, हें ऐकून न थबकणारें मूल विरळा.

पाण्याच्या मागोमाग गेलें म्हणजे फेरीची दुसरी, अधिक मोठी उणीव उघडी पडते. बहुतेक फेऱ्या शनिवारवाड्याहून निघून विश्रामबागवाड्याशीं संपतात, आणि कालाच्या दृष्टीनें बहुधा १८१८ च्या अलीकडे फारशा येत नाहींत. पण पुण्याचें पाणी तेथें थांबलें नाहीं. बुधवारांत ‘बाहुलीचा हौद’ होता, डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ तो बांधविला. आणि गंज पेठेंत, जिला आज महात्मा फुले पेठ म्हणतात, जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. सार्वजनिक पाणवठे ज्यांस बंद होते, त्यांस एका गृहस्थानें आपल्या दारांतील पाणी मोकळें करून दिलें. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच्या जवळ जवळ साठ वर्षें आधींची ही गोष्ट. पाण्याचा हिशेब मांडूं लागलें कीं ‘कोणी आणलें’ याबरोबर ‘कोणास मिळालें’ हाही प्रश्न टळत नाहीं. खुनाच्या आख्यानांत तो सुखानें टळतो. आणि म्हणूनच कदाचित् तें आख्यान आपणां मध्यमवर्गीयांस इतकें सोयीचें वाटत असावें.

विश्रामबागवाड्याचेंच पाहा. बाजीरावाच्या रंगेलपणाच्या गोष्टी तेथें भरपूर ऐकूं येतात; परंतु १८२१ सालीं याच वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली आणि तींतूनच पुढें डेक्कन कॉलेज उदयास आलें, हें ऐकावयास मिळालें तर भाग्य. मंडईशीं तर मौनच पत्करलें जातें. १८८६ सालीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें उघडलेली ती इमारत, तिचा उंच मनोरा, तिचे अष्टकोनी घाट हें सर्व हात उंचावून दाखविलें जातें. पण आज ज्यांचें नांव त्या मंडईस आहे, त्या जोतीराव फुल्यांनीं नगरपालिकेचे सभासद असतांना तिच्यावरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असें त्यांचें म्हणणें होतें. शहरें माणसांचा गौरव करतांना किती विनोदी होतात, याचें याहून चांगलें उदाहरण पुण्यांत शोधूनही सांपडणार नाहीं. तेथें उभें राहून तें न सांगणें म्हणजे हातीं आलेलें आख्यान सोडून देणें होय.

परदेशचा एक दाखला येथें उपयोगी पडेल. मोरोक्को देशांतील फेझ या नगराचा जुना भाग आठव्या शतकाच्या अखेरीपासून वसलेला आहे. १९८१ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. तेथील गल्ल्या इतक्या अरुंद आणि गुंतागुंतीच्या आहेत कीं आंत मोटार शिरत नाहीं, आणि परक्यास वाटाड्यावांचून बाहेर पडणें कठीण. परंतु नदीचें पाणी पाटांनीं मशिदींत, हमामखान्यांत आणि नाक्यानाक्यावरील नक्षीदार पाणपोयांवर कसें खेळविलें होतें, आणि कातडें कमावणारे कारागीर कुंडांत उतरून कसें काम करतात, हें त्या फेरींत आपोआपच डोळ्यांपुढें येतें. कारण शहराचा धंदा अजून त्याच गल्ल्यांतून चालतो. फेझमध्यें वाटाड्या नसेल तर वाट चुकते. पुण्यांत वाट चुकण्याचें भय नाहीं. चुकतो तो अर्थ. म्हणून आमच्या वाटाड्याची जबाबदारी अधिक अवघड आहे.

आपल्या भाषेंत या कामाची परंपरा नाहीं असें नाहीं. गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं आणि नारायण विष्णु जोशी यांचें ‘पुणें शहराचें वर्णन’ १८६८ सालीं प्रसिद्ध झालें. माडगांवकरांनीं मुंबई सांगतांना किल्ल्याबरोबर तळीं, बाजार, धंदे आणि नाना जातींचे लोकही सांगितले. शहर म्हणजे त्यांतील सत्ताधीशांचें चरित्र नव्हे, हें त्या लेखकांस दीडशें वर्षांपूर्वीं उमगलें होतें.

हा सर्व वाद केवळ करमणुकीचा असता तर त्यावर एवढी शाई खर्चिली नसती. पण पेठांतील वस्तुस्थिति निराळी आहे. १८७९ च्या आगींत बुधवारवाडा गेला. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरांत नदीकांठचे कितीतरी वाडे गेले. त्यानंतर राहिलेल्यांपैकीं अनेक वाडेकऱ्यांनीं आपल्या हातांनीं पाडून इमारती उठविल्या. जेथें १८४८ सालीं मुलींची शाळा भरली तो भिडेवाडा देखील स्मारक बांधण्यासाठीं म्हणून २०२३ च्या डिसेंबरांत पाडण्यांत आला. यापुढें पुष्कळ ठिकाणीं वाटाड्या जेथें बोट दाखवील तेथें दाखविण्यासारखें कांहीं असणारच नाहीं. वास्तु नाहींशी झाली म्हणजे तिच्याविषयीं जें बोललें जातें तेंच तिचा शेवटचा दस्तऐवज होऊन बसतें. तो दस्तऐवज कसा लिहिला जात आहे याची चौकशी आपण आजच केली पाहिजे.

वाटाड्यांस आमची सूचना साधी आहे. फेरीच्या आरंभीं, वाड्याचा दरवाजा दाखविण्यापूर्वीं, दहा मिनिटें पाण्याविषयीं बोलावें; जें कागदावर आहे तें कागदावरचें म्हणून आणि जें लोकांच्या तोंडीं आहे तें तोंडचें म्हणून सांगावें; आणि फेरी विश्रामबागवाड्याशीं न संपवितां मंडईवरून पूर्वेकडे गंज पेठेपर्यंत न्यावी. चालणें अर्ध्या तासाहून अधिक वाढणार नाहीं. आपल्या मुलांस घेऊन फेरीस जाणाऱ्या पालकांनींही तेथपर्यंत नेण्याचा आग्रह धरावा, आणि वाटाड्या थकला असेल तर उरलेली वाट आपणच मुलांबरोबर चालावी.