एरिउचे नाव

आयर्लंडात केल्ट केव्हा आले, असे विचारणारा जिज्ञासू आज ना उद्या 'लेबोर गबाला एरेन' या ग्रंथापाशी येतो. अकराव्या शतकात संकलित झालेल्या या ग्रंथात त्या बेटावरील सहा आगमनांची कथा आहे. नोहाची नात केसैर, मग पार्थोलोन, नेमेद, फिर बोल्ग, देवतुल्य तुआथा डे दानान आणि अखेर स्पेनहून आलेले मीलचे पुत्र, असा तो क्रम. हे शेवटचे लोक म्हणजे गेल, ग्रंथकारांचे पूर्वज. 'केल्ट' हे नाव ते स्वतःस लावीत नाहीत. १७०७ साली एडवर्ड ल्विड यांनी आयरिश, वेल्श व ब्रेटन भाषांचे नाते दाखविले, आणि त्यानंतर ते नाव रूढ झाले.

टी. एफ. ओ'राहिली यांनी १९४६ साली या आणि इतर जुन्या कथांच्या आधारे केल्टिक स्वाऱ्यांच्या चार लाटा कल्पिल्या. त्यांच्या व्यासंगाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु त्यांचा निष्कर्ष आम्हांस पटत नाही. युरोपातील केल्टिक घाटाच्या लोहयुगीन वस्तू आयर्लंडात थोड्या, आणि त्याही बहुतांशी उत्तरार्धात सापडतात. मोठ्या स्वारीची खूण त्यांत दिसत नाही. २०१५ साली रॅथलिन बेटावरील ताम्रपाषाणोत्तर कांस्ययुगातील तीन पुरुषांच्या अस्थींची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचे ते पुरुष आजच्या आयरिश लोकांशी जवळचे ठरले. अर्थात, ते कोणती भाषा बोलत, हे अस्थी सांगत नाहीत.

मग हा ग्रंथ टाकाऊ मानावा काय? आमच्या मते मुळीच नाही. त्याच्याकडे इतिहासाचा पुरावा मागणे हीच आपली चूक होय. बायबलाशी सांधा जुळविण्याच्या खटाटोपात ग्रंथकारांनी एक विलक्षण कबुली देऊन ठेविली आहे: या भूमीवर प्रत्येक जण बाहेरून आलेला आहे, आम्हीसुद्धा!

त्यातील एक प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. उश्नाखच्या टेकडीवर त्या भूमीची राणी एरिउ नवागतांना भेटते आणि एवढेच मागते, की बेटास माझे नाव राहावे. त्यांचा कवी अमर्गिन तिला वचन देतो. पुढे लढाईत ती मारली जाते. वचन मात्र पाळले जाते. आजचे 'एरे' हे नाव तिचेच. परमुलखात संसार थाटणाऱ्या आम्हां नोकरदारांना यातले मर्म निराळे सांगावयास नको. मुक्काम करणाऱ्याने त्या भूमीचे नाव आधी आदराने उच्चारावे, हा संस्कार कोणत्याही स्वारीच्या सनावळीपेक्षा टिकाऊ आहे.