सेनापतीचे रूप आणि सेनापतीचे कार्य : एका प्लॅस्टिक लघुमूर्तीची समीक्षा

खेळातील सोंगटी हा कलासमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. जी वस्तू विचारपूर्वक घडविली जाते, जिच्या घाटातून काही आशय व्यक्त व्हावा अशी घडविणाऱ्याची अपेक्षा असते, तिला समीक्षेचे निकष लावणे गैर नाही. मात्र ते निकष त्या वस्तूच्या प्रयोजनातून निघाले पाहिजेत. देवळातील मूर्तीला पूजेचे प्रयोजन असते, चौकातील पुतळ्याला स्मरणाचे आणि पटावरील मोहऱ्याला खेळाचे. प्रयोजन आणि रूप यांच्यातील औचित्य हीच येथील मुख्य कसोटी होय.

विवेचनासाठी घेतलेली लघुमूर्ती रोबूट गिलिमन या सेनापतीची आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील गेम्स वर्कशॉप या संस्थेचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा विज्ञानकथेवर आधारलेला युद्धखेळ १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच्या कल्पित विश्वात गिलिमन हा अल्ट्रामरीन्स या सैन्याचा मूळ पुरुष आहे. प्राणघातक जखमेमुळे तो सुमारे दहा हजार वर्षे कालस्तंभित अवस्थेत राहिला आणि पुन्हा उठून साम्राज्याचा सरसेनापती झाला, अशी कथा आहे. त्याची प्लॅस्टिक लघुमूर्ती २०१७ च्या मार्चमध्ये विक्रीस आली. भरजरी अलंकरणाचे अवजड चिलखत, मस्तकावर रोमन पद्धतीचे पर्णमुकुट, एका हाती पेटलेली तलवार, दुसऱ्या हातावर भलामोठा यांत्रिक पंजा, असे तिचे रूप आहे. उघडे मस्तक किंवा शिरस्त्राण, यांपैकी एक निवडण्याची मोकळीक जोडणाऱ्याला दिलेली आहे.

या मूर्तीचे मूल्यमापन करण्यापूर्वी पटावर सेनापतीचे स्थान कोणते, हे पाहिले पाहिजे. आपल्या बुद्धिबळात राजा हे सर्वांत महत्त्वाचे मोहरे. परंतु त्याची चाल एका घराची. प्रचलित स्टाँटन घडणीच्या मोहऱ्यांत तोच सर्वांत उंच असतो. म्हणजे तेथे उंची ही महत्त्वाची खूण आहे, पराक्रमाची नव्हे. प्रशियात १८२४ साली धाकट्या राइसविट्झने सिद्ध केलेल्या ‘क्रीग्सश्पील’ या लष्करी खेळात तर नकाशावर तुकड्यांचे ठोकळे मांडले जात आणि त्यांना आज्ञा देणारा सेनापती म्हणजे स्वतः खेळाडूच असे. वॉरहॅमरमध्ये मात्र सेनापती दोन ठिकाणी असतो : एक पटाबाहेर उभा राहून फासे टाकणारा, दुसरा पटावर प्लॅस्टिकच्या रूपाने उभा असलेला. पटावरच्या सेनापतीची मूर्ती ही एका अर्थी पटाबाहेरच्या सेनापतीची प्रतिनिधी असते. म्हणून तिच्यात केवळ बळ दिसून भागत नाही, आज्ञाशक्ती दिसली पाहिजे.

माध्यमावरील प्रभुत्वाबद्दल या मूर्तीला निःसंशय दाद द्यावी लागेल. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरले जाते व साच्याचे दोन भाग सरळ रेषेत उघडतात. आत वळलेली खाच असेल तर सुटा भाग साच्यातच अडकतो. या बंधनामुळे मूर्तिकाराला आकृतीचे अनेक तुकडे पाडावे लागतात आणि त्यांचे सांधे चिलखताच्या कडांत, वस्त्राच्या चुण्यांत लपवावे लागतात. गिलिमनच्या मूर्तीत हे काम इतके सफाईने झाले आहे की जोडणी झाल्यावर आकृती एकसंध वाटते. जुन्या धातूच्या मूर्तींना न पेलणारे पसरट, हलके अवयवही येथे सहज तोलले गेले आहेत. केवळ तलवारीवरील ज्वाळांच्या बाबतीत माध्यम हार खाते. अपारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गोठलेली ज्वाळा प्रकाश देत नाही, केवळ जागा व्यापते. ती उजळ करण्याचा सारा भार रंगविणाऱ्याच्या कुंचल्यावर पडतो.

खरा प्रश्न आशयाचा आहे. अल्ट्रामरीन्सच्या कल्पनेवर रोमन संस्कृतीची छाप उघड आहे, म्हणून तुलनेसाठी १८६३ साली रोमजवळ प्रिमा पोर्ता येथे सापडलेला ऑगस्टसचा संगमरवरी पुतळा घेणे उचित होईल. त्याच्या उजव्या हातात शस्त्र उगारलेले नाही. तो हात सैन्याला उद्देशून बोलण्यासाठी उंचावला आहे. छातीवरील चिलखतावर पार्थियनांकडून रोमन ध्वज परत मिळाल्याचा प्रसंग कोरला आहे, आणि तो विजय रणांगणावर नव्हे, वाटाघाटीने मिळालेला होता. उजव्या पायाशी डॉल्फिनवर बसलेला लहानगा क्यूपिड दगडाला आधार देतो, व्हीनसशी असलेले वंशनाते सूचित करतो आणि नायकाच्या आकाराचे मापही पुरवितो. एका उपांगाने येथे तीन कार्ये साधली आहेत.

याउलट गिलिमनच्या मूर्तीत प्रत्येक अलंकार एकच गोष्ट पुन्हा सांगतो : हा थोर आहे. मुकुट, मुद्रा, तलवार, पंजा या सर्वांचा सूर एकच. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे संवादलय भरपूर आहे. विरोधलय जवळजवळ नाही. परिणामी डोळ्याला विसावा मिळत नाही आणि मुखावरची मुद्रा, जी सेनापतीच्या चिंतेची व निर्णयाची जागा, ती अलंकारांच्या गर्दीत हरवते.

खेळाच्या नियमांकडे पाहिल्यास ही विसंगती अधिक स्पष्ट होते. जून २०१७ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत गिलिमनपासून ठरावीक अंतरात असलेल्या अल्ट्रामरीन्सच्या तुकड्यांना फसलेले फासे पुन्हा टाकण्याची सवलत मिळत असे. साहजिकच खेळाडू आपल्या तोफा व बंदूकधारी त्याच्याभोवती दाटीने मांडू लागले. नियमांत तो बलाढ्य योद्धाही होता, हे खरे. परंतु त्याचे पटावरील मोल प्रामुख्याने त्याच्या सान्निध्यात होते. मूर्ती मात्र एकट्या द्वंद्ववीराची आहे. भोवती सैन्य आहे, त्याला काही सांगायचे आहे, याची एकही खूण तिच्या शरीररचनेत नाही.

दुसरा दोष प्रमाणाचा. गिलिमनचे श्रेष्ठत्व बऱ्याच अंशी त्याच्या आकारावर अवलंबून आहे. सामान्य सैनिकांशेजारी तो राक्षसी भासावा, अशी योजना होती. पण त्याच २०१७ च्या जूनमध्ये संस्थेने ‘प्रायमॅरिस’ नावाचे अधिक उंच सैनिक आणले, आणि अवघ्या तीन महिन्यांत ते अंतर आकसले. जे मोठेपण शेजाऱ्याच्या खुजेपणावर उभे असते, ते शेजारी वाढला की घटते. २०२३ साली आलेल्या लायन एल्जॉन्सन या दुसऱ्या सेनापतीच्या मूर्तीत हा धडा घेतलेला दिसतो. त्याच्या जोडीला झग्यात गुरफटलेल्या बुटक्या आकृती आहेत. म्हणून त्याच्या उंचीचे माप तो स्वतःबरोबरच बाळगतो. प्रिमा पोर्ताच्या क्यूपिडचेच हे कार्य होय.

यावर असा आक्षेप येईल की, हे विश्व महाकाव्याच्या जातीचे आहे आणि महाकाव्यातील सेनापती स्वतः लढतो. आक्षेपात तथ्य आहे. भीष्म हा कौरवांचा सेनापती आणि अग्रगण्य योद्धाही होता. परंतु भीष्मपर्वात दिवसाच्या प्रारंभी व्यूह रचले जातात, बाण त्यानंतर सुटतात. रचणारा आणि लढणारा या दोन्ही भूमिका व्यासांनी एकाच पुरुषात दाखविल्या आहेत. गिलिमनच्या मूर्तिकाराने दुसरी भूमिका समर्थपणे साकारली. पहिलीला स्पर्शही केला नाही.

तेव्हा निर्णय असा : कारागिरी म्हणून ही लघुमूर्ती प्रथम प्रतीची आहे. वीरमूर्ती म्हणूनही ती यशस्वी आहे. सेनापतीची मूर्ती म्हणून ती अपुरी आहे, कारण अधिकार हा बळाचाच वाढीव प्रकार आहे अशी समजूत तिच्या मुळाशी आहे. ही समजूत केवळ खेळण्यांपुरती असती तर ती उपेक्षणीय ठरली असती. परंतु ज्या आकृती तरुण माणसे तासन्‌तास हाताळतात, रंगवितात आणि स्वतःचे प्रतिनिधी म्हणून पटावर उभ्या करतात, त्या आकृती नेतृत्व म्हणजे काय याची एक कल्पनाही त्यांच्या मनात नकळत रुजवीत असतात. म्हणूनच या लहानशा वस्तूकडेही समीक्षेने काटेकोर नजरेने पाहिले पाहिजे.