ग्लास १००४ : एका पट्ट्याचं रसग्रहण

इंजिनाच्या पुढचं टायमिंगचं झाकण काढलं की त्याचा सगळा छंद डोळ्यांसमोर येतो. खाली क्रँकचं लहान चाक, वर कॅमचं बरोबर दुप्पट दातांचं चाक. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. चार स्ट्रोकच्या इंजिनात या हिशेबाला एका दाताचीही सूट नाही.

ही दोन चाकं बांधायचं काम मोटारींमध्ये साखळी किंवा गिअर करत. १९६२मध्ये बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगच्या हान्स ग्लास कंपनीनं १००४ या छोट्या गाडीत दातेरी रबरी पट्टा बसवला. शेतीची अवजारं, मग स्कूटर, मग चिमुकली गोगोमोबिल असा या घराण्याचा प्रवास. त्यांच्या लिटरभराच्याही आतल्या इंजिनाला हेडवरचा कॅम परवडला, त्यात या पट्ट्याचा वाटा मोठा. पट्ट्याला ऑइल लागत नाही, म्हणून ऑइल न गळणारं बंद घर लागत नाही. शिवाय आवाज जवळजवळ नाही.

पट्टा हातात घेऊन बघावा. आत काचतंतूंच्या दोऱ्या, त्या ओढ सोसतात आणि लांबी वाढू देत नाहीत. रबर दातांना आकार देतं. दातांवरचं नायलॉनचं कापड झीज अंगावर घेतं. जास्तीचं काही नाही.

साखळीचं वाचन वेगळं. गराजमध्ये ‘चेन लांबली’ म्हणतात, पण पोलाद ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश किंचित झिजतात, त्या झिजेची बेरीज होते आणि कॅम मागे रेंगाळू लागतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला, टेन्शनरमध्ये ऑइलचा दाब भरेपर्यंत, ती खडखडते. साखळी तक्रार करत करत जाते, पट्टा बहुधा चकार शब्द न काढता. आणि ज्या इंजिनात पिस्टन आणि वॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीनं येतात, तिथे पट्टा तुटला की वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. म्हणून त्याची मुदत पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हींत छापतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. मला हा रोखठोकपणा आवडतो. जुनी गाडी विकताना ‘चेनचं इंजिन आहे, बघायलाच नको’ म्हणणाऱ्यांना तो आवडणार नाही. पण बघायला नको म्हणूनच त्या चेनचं ऑइलही वेळेवर कोणी बघत नाही.

१९६६मध्ये बीएमडब्ल्यूनं ग्लास विकत घेतली. १९७७च्या त्यांच्या एम२० या सहा सिलिंडरच्या इंजिनात पट्टा आला. १९९०च्या एम५०मध्ये पुन्हा साखळी. पुढे २००७च्या एन४७ डिझेलमध्ये तर साखळी गिअरबॉक्सच्या बाजूला गेली. ती बदलायची म्हणजे सहसा इंजिनच खाली उतरवायचं. ‘जन्मभराची’ साखळी अशी मागे लपवण्यात मला उद्दामपणा दिसतो.

खरा रसभंग मात्र ऑइलमध्ये भिजणाऱ्या पट्ट्यानं केला. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये हा प्रयोग झाला. घर्षण कमी करायचं होतं. पण पट्टा झिजला की त्याचे कण ऑइलमध्ये उतरतात, गाळणीत अडकतात आणि अख्ख्या इंजिनाचं ऑइल तुटतं. कोरडं राहण्यातच ज्याची सगळी शोभा होती, त्याला बुडवून ठेवलं. नंतर फोर्डनं कॅमसाठी साखळी आणली, ऑइल पंप मात्र पट्ट्यावरच ठेवला.