ऐकणाऱ्याचा शोध : पुरुषाचे बालपणीचे लैंगिक शोषण आणि मराठी कथनपरंपरा

नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पाळा येथील निवासी आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचे प्रकरण उघडकीस आले. त्यानंतर जी सार्वजनिक चर्चा झाली ती मुलींच्या सुरक्षिततेभोवती फिरली आणि ते न्याय्यच होते. तथापि त्या चर्चेची भाषा तपासली, तर एक गोष्ट लक्षात येते. तिचा मध्यवर्ती शब्द 'पीडिता' हा होता. अशा प्रसंगी मराठी वृत्तपत्रे हा स्त्रीलिंगी शब्द इतक्या सहजतेने वापरतात, की त्याचे पुल्लिंगी रूप या अर्थाने कानाला जवळजवळ अनोळखी वाटते. 'पीडित' म्हटले की पूरग्रस्त आठवतो, भूकंपग्रस्त आठवतो. निवासी शाळांत मुलगेही राहतात, वसतिगृहांत आणि नातेवाइकांच्या घरीही राहतात. त्यांच्याविषयी हाच प्रश्न विचारण्यासाठी लागणारे शब्द मात्र चर्चेच्या हाताशी नव्हते.

हा केवळ वृत्तपत्रीय शैलीचा दोष मानता येणार नाही. 'विनयभंग' या शब्दातील विनय स्त्रीचा आहे. 'अब्रू' पुरुषालाही असते, परंतु ती पैशाच्या व्यवहारात जाते, देहाच्या नव्हे. मुलावर झालेल्या अत्याचारासाठी मराठी बातमीने दीर्घकाळ वापरलेला शब्द 'अनैसर्गिक कृत्य' हा आहे. तो १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ व्या कलमातून आला. या शब्दप्रयोगात कृत्य निसर्गाच्या विरुद्ध आहे एवढेच सांगितलेले असते, ते कोणाच्या विरुद्ध झाले हे त्यात येत नाही. इजा झालेला मुलगा वाक्यातून बाहेर पडतो आणि त्या 'अनैसर्गिक'पणाचा डाग मात्र त्याच्याही अंगावर उडतो.

याउलट मराठीच्या व्याकरणात एक मोठी सोय आहे, तिचा विचार फारसा झालेला नाही. 'मूल' नपुंसकलिंगी आहे. वऱ्हाडीतले 'लेकरू' आणि 'पोट्टं' हेही नपुंसकलिंगी आहेत. लेकरू पडते, रडते, घाबरते, आणि या क्रियापदांना कोणी हरकत घेत नाही. परंतु त्याच लेकराचा 'मुलगा' झाला, की घाबरण्याची आणि रडण्याची परवानगी काढून घेतली जाते. २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला 'बालक' मानले, मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. कायद्याने एका अर्थी लेकराचे नपुंसकलिंग अठराव्या वर्षापर्यंत लांबवले. समाजाचे व्याकरण अजून तेथवर पोचलेले नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले आणि सांगणाऱ्यांत मुलगे ५२.९४ टक्के होते. ही आकडेवारी आता जुनी आहे, पद्धतीविषयी तिला प्रश्नही विचारता येतील. पण ती प्रसिद्ध झाल्यावर मराठी ललित लेखनात कोठे काही हलले, असे दिसत नाही.

न हलण्याचे कारण शोधताना सानेगुरुजींच्या 'श्यामची आई' कडे जावे लागते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी मुलग्याच्या बालपणाची प्रमाणभूत संहिता होऊन बसले आहे. त्याच्या आशयाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या घाटाकडे मात्र दुर्लक्ष झाले. एक प्रौढ पुरुष आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आपल्या लहानपणाची एकेक आठवण सांगतो. बेचाळीस रात्री हे चालते. सांगणारा गहिवरतो, ऐकणारेही गहिवरतात. कोणी त्याला एका बैठकीत सगळे सांगून टाक, असे म्हणत नाही. रात्र संपली की सांगणे थांबते, दुसऱ्या दिवशी मंडळी पुन्हा जमतात. पुरुषाने पुरुषांच्या वर्तुळात बालपणीचे दुःख टप्प्याटप्प्याने, सुरक्षित अंतर राखून सांगावे, असा घाट मराठीत इतक्या लोकप्रिय रूपात गेली नव्वद वर्षे उपलब्ध आहे. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि माणसांशी पुन्हा जोडले जाणे. श्यामच्या रात्रींची मांडणी या क्रमाच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ जाते.

मग हा घाट अत्याचार सोसलेल्या मुलाच्या उपयोगी का पडला नाही? अडचण त्याच्या नैतिक दिशेत आहे. 'श्यामची आई' मध्ये चूक बहुधा मुलाची असते आणि दुरुस्ती मोठ्या माणसाची. पोहायला जायचे टाळून लपून बसलेला श्याम आईचा मार खातो. त्याची भीती ही त्याची उणीव ठरते आणि ती घालवणे हे प्रेमाचे काम ठरते. त्या कथेच्या चौकटीत हे सुसंगत आहे, कारण तेथील मोठे माणूस खरोखरच मुलाचे हित पाहणारे आहे. परंतु ही चौकट ज्याच्या मनात पक्की बसली आहे, त्या मुलाला एखाद्या काकाने, शिक्षकाने किंवा वसतिगृहातल्या मोठ्या मुलाने हात लावला, तर घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावायला त्याच्यापाशी एकच सूत्र उरते : चूक आपली असली पाहिजे. आईपुढे निष्कलंक उभे राहण्याची अट असलेल्या बालपणात ही गोष्ट सांगणे म्हणजे कबुलीजबाब देणेच होय. सानेगुरुजींना यात दोष देण्याचे कारण नाही. एका सश्रद्ध पुस्तकाचे आपण जे सार्वत्रिक व्याकरण करून टाकले, त्याची ही चिकित्सा आहे.

शांदोर फेरेन्त्सी यांनी १९३२ मध्ये वीसबाडेन येथील व्याख्यानात नेमकी हीच यंत्रणा वर्णिली होती. मूल जिव्हाळ्याच्या भाषेत बोलते, प्रौढ वासनेच्या भाषेत उत्तर देतो आणि प्रौढाची अपराधी भावना मूल स्वतःमध्ये घेते. त्याआधी १८९६ मध्ये फ्रॉइडने उन्मादाच्या कारणमीमांसेसाठी ज्या अठरा रुग्णांचा आधार घेतला, त्यांत सहा पुरुष होते. पुढच्याच वर्षी त्याने तो सिद्धान्त सोडला. त्या सहा जणांची नंतर कोणी फारशी आठवण काढली नाही, हेही या विषयाच्या इतिहासाला साजेसेच आहे.

मराठीत पुरुषाच्या देहावरील लैंगिक अत्याचार लोकप्रिय कलाकृतीत ठळकपणे आला तो आनंद यादवांच्या 'नटरंग' या कादंबरीवरील रवी जाधव यांच्या चित्रपटात, २०१० मध्ये. पण तेथील गुणा प्रौढ आहे, पैलवान आहे आणि नाच्या झाल्यामुळे पुरुषत्व गमावलेला म्हणून तो या हिंसेस पात्र ठरवला जातो. ही हिंसा शिक्षेसारखी येते. प्रेक्षक हळहळतो, परंतु 'बायकी झाला म्हणून घडले' हा कार्यकारणभाव चित्रपट पुरता मोडत नाही. बालपणी शोषण झालेल्या पुरुषाला आयुष्यभर छळणारी भीती याच कार्यकारणभावाची दुसरी बाजू असते : माझ्यात काही बायकी होते म्हणून हे घडले का, किंवा हे घडले म्हणून मी तसा झालो का? दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत. निवड करणारा मोठा माणूस होता.

बुलढाणा जिल्ह्याचा विचार करताना सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' ला वगळता येत नाही. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या या कादंबरीने वऱ्हाडातल्या शिकलेल्या, बेकार शेतकरीपुत्राच्या कोंडीला भाषा दिली. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. या भागातल्या पुरुषाचे दुःख साहित्यात आले ते कर्ज, नापिकी, बाजारभाव, घरातली कुरबूर यांच्या शब्दांत. ही फार मोठी कमाई आहे. पुरुष मोडतो, हे मराठीने तेथे मान्य केले. मात्र मोडण्याची कारणे बाहेरची आणि सांगण्याजोगी असावीत, अशी एक अलिखित अट त्या मान्यतेत राहिली. कर्ज चव्हाट्यावर सांगता येते. दहाव्या वर्षी गोठ्यामागे काय झाले, ते चाळिशीतही सांगता येत नाही. दारू, अकारण संताप, स्वतःच्या मुलाला जवळ घेताना होणारा संकोच, या गोष्टी गावाला दिसतात आणि गाव त्यांना 'स्वभाव' म्हणते. कादंबरीकारानेही त्यांना स्वभावच म्हणावे का, हा प्रश्न ग्रामीण वास्तववादाला विचारण्याची वेळ आली आहे.

साहित्याने जे ऐकले नाही, ते न्यायालयांना ऐकावे लागले. मडगाव येथे अनाथ मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप झाली. तेथे छायाचित्रांचा मोठा साठा सापडला होता. मुलांच्या शब्दांना चित्रांची साथ होती. मुंबईत कुलाब्याच्या 'अँकरेज' निवाऱ्यांच्या प्रकरणात मुख्य भार शब्दांवरच होता. २००१ मध्ये तक्रार झाली, २००६ मध्ये सत्र न्यायालयाने डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स यांना दोषी ठरवले, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. साक्ष तीच, साक्षीदार तेच, रस्त्यावर वाढलेले मुलगे. त्या एका संहितेची दहा वर्षांत तीन वाचने झाली. समीक्षेच्या अभ्यासकाने या निकालांकडे अर्थनिर्णयनाचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे. आघाताची आठवण तुटक असते. तिच्यात तारखा सरकतात, एखादा वास किंवा दाराची कडी स्पष्ट असते आणि बाकीचे धूसर. हे विस्कळीतपण खोटेपणाची खूण म्हणून वाचायचे, की अनुभवाची खूण म्हणून, यावर एखाद्या माणसाचे उरलेले आयुष्य ठरू शकते.

१३ मे २०१२ रोजी 'सत्यमेव जयते' या मालिकेत मुंबईचे हरीश अय्यर यांनी आपल्या बालपणीच्या दीर्घ शोषणाविषयी सांगितले. कार्यक्रम दूरदर्शनवरूनही दाखवला गेला, म्हणजे तो खेड्यापाड्यांत पोचला. त्यांच्या निवेदनातला सर्वांत बोलका तपशील त्यांच्या कुत्र्याचा आहे. कोणापाशीही बोलता येत नव्हते तेव्हा ते त्याच्यापाशी बोलत. हा श्रोता प्रश्न विचारत नाही, पुरावा मागत नाही, 'तेव्हाच का नाही सांगितलेस' म्हणत नाही आणि ऐकून झाल्यावर त्याची नजर बदलत नाही. डोरी लॉब यांनी साक्षीविषयी लिहिताना म्हटले आहे की ऐकणारा असल्याखेरीज साक्ष पुरी घडतच नाही. त्या मुक्या श्रोत्याने ही अट काही काळ निभावली. माणसांना ती निभावता येण्यासाठी काय करावे लागेल?

पहिली गोष्ट विश्वास. दुसरी, गती सांगणाऱ्याच्या हाती ठेवणे. गुन्हेगाराला क्षमा कर किंवा त्याच्यापुढे उभा राहा, असा कोणताही शेवट त्याच्यावर लादायचा नाही, कारण त्याच्या देहाविषयीचा निर्णय एकदा दुसऱ्याने घेतलेला आहे. तिसरी गोष्ट मराठीत अजून कोणी नीट लिहिलेली नाही : स्पर्शाला शरीराने दिलेला प्रतिसाद ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, ती संमती नसते. हे एक वाक्य वेळेवर कानावर न पडल्यामुळे अनेकांनी दशकानुदशके स्वतःला सहअपराधी मानले आहे. शोषण झालेला मुलगा पुढे शोषक होतोच, ही समजूतही तशीच घातक आहे. बहुसंख्य पुरुषांच्या बाबतीत ती खरी नाही, आणि बोलू पाहणाऱ्या बापाला ती आपल्याच मुलापासून तोडते.

मराठीच्या प्राध्यापकाचा यात थेट संबंध येतो. बालपणाच्या आठवणींवर लिहायला सांगणे हा आपल्या वर्गातला जुना पाठ आहे. वहीत एखादे वाक्य अर्धवट सुटते, एखाद्या नातेवाइकाचे नाव येऊन पुन्हा येत नाही आणि आपण शुद्धलेखन तपासून गुण देतो. अकरावी-बारावीचा विद्यार्थी कायद्याने बालक आहे. त्याने सांगितले तर २०१२ च्या कायद्याच्या १९ व्या कलमानुसार शिक्षकाला ते पोलिसांना कळवावेच लागते, न कळवणे गुन्हा आहे. गुपित राखण्याचे वचन शिक्षकाने म्हणूनच देऊ नये. ऐकण्यापूर्वीच ही मर्यादा सांगावी आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर मुलाबरोबर राहावे. तक्रारीच्या बंधनामुळे मुले बोलणारच नाहीत, हा आक्षेप हलका नाही. पण कळवून मोकळे होणारा शिक्षक आणि कळवल्यानंतरही सोबत राहणारा शिक्षक यांत फरक आहे, आणि तो कायदा ठरवत नाही. प्रौढ पुरुषाची स्थिती आणखी अवघड आहे. २०१२ च्या कायद्यात तक्रारीला कालमर्यादा नाही, परंतु त्याआधीच्या घटनांना तो लागू होत नाही. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत ३७७ व्या कलमासारखी तरतूदच ठेवलेली नाही, त्यामुळे आज अठरा वर्षांवरील पुरुषावर होणाऱ्या बलात्काराला त्या संहितेत नाव उरलेले नाही.

इंग्रजीत या पुरुषांसाठी जो शब्द रूढ आहे, त्याला मराठीत 'पीडित', 'अत्याचारग्रस्त', 'बळी' असे पर्याय सुचवले जातात. 'बळी' तर जिवंत माणसाला मेलेल्यात काढतो. नाम शोधण्यापेक्षा क्रियापदाकडे पाहणे बरे. 'सावरणे' हे मराठी क्रियापद अकर्मक आहे आणि सकर्मकही आहे. माणूस सावरतो, आणि माणसाला कोणी सावरतेही. तोल गेलेल्याला, चालत्या बैलगाडीवरून उतरताना पाय चुकलेल्याला आपण सावरतो, तेव्हा त्याला उचलून घेत नाही. दंडाला हात देतो आणि त्याचे पाय टेकेपर्यंत तो तसाच धरून ठेवतो.